रेषा कोणास बांधते?

गेल्या पावसाळ्यांत पुण्याजवळ भोसरीस एका स्नेह्यांच्या कारखान्यांत जाण्याचा योग आला. कारखाना लहान, मोटारगाड्यांस लागणारे पत्र्याचे बारीकसारीक भाग प्रेसवर ठोकून काढावयाचे, एवढेंच तेथील काम. लिहिण्यावाचण्यांत आयुष्य घालविलेल्या माणसास अशा ठिकाणीं पहिल्या घटकेस कांहींच सुचत नाहीं. कानांत ठोक्यांचा नाद भरतो आणि पायांखालची जमीन हलत असल्यासारखी वाटते. मला सारें दाखविण्याचें काम स्नेह्यांनीं तेथल्या एका वयस्क कामगाराकडे सोंपविलें होतें. त्यांना सारेजण तात्या म्हणत. तात्या बोलके होते, व आपल्या कामाचा त्यांस अभिमान होता. यंत्रांचीं नांवें सांगतांना ते उजवा हात पुढें करीत, तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, त्या हाताचीं दोन बोटें मुळापासून नाहींत.

विचारावें कीं न विचारावें या संकोचांत मी असतां तेच म्हणाले, "अठ्ठावीस वर्षें झालीं, साहेब. चूक माझीच. लक्ष दुसरीकडे गेलें." एवढें सांगून ते पुढच्या यंत्राकडे वळले. तें यंत्र नवें होतें. त्याच्या तोंडाशीं दोन बाजूंस दोन पिवळे खांब उभे होते, आणि त्यांच्यामध्यें डोळ्यांस न दिसणाऱ्या किरणांचा एक पडदा पसरलेला होता. तात्यांनीं एक लांकडी काठी त्या पडद्यांत घातली. रॅम, म्हणजे वरून खालीं येणारा तो जड ठोकळा, अर्ध्यावरच थांबला. काठी काढून घेतली तरी तो हालला नाहीं. "आतां बटण दाबल्याशिवाय हा चालू व्हायचा नाहीं," तात्या म्हणाले, आणि आम्ही पुढें गेलों.

घरीं परत येतांना त्या यंत्रापेक्षां तात्यांचें तें वाक्यच माझ्या मनांत घोळत राहिलें. 'चूक माझीच.' अठ्ठावीस वर्षें हा मनुष्य आपणांस अपराधी मानून चालला आहे. आणि तो तसें मानतो म्हणून आपणहि, त्याची कींव करतां करतां, तें मान्य करून टाकतों. तो खरोखर अपराधी आहे काय? प्रश्न एका माणसाचा दिसतो. पण तो नीट पाहूं गेल्यास मनुष्याची चूक ही काय वस्तु आहे, तिचें मोल कोणीं व किती द्यावें, या मोठ्या प्रश्नाशीं आपण येऊन पोंचतों.

आपल्या नित्याच्या नीतिशास्त्राचें उत्तर ठरलेलें आहे. सावधपणा हा गुण, अनवधान हा दोष. आणि दोषाचें फळ दोष करणाऱ्यानें भोगावें. लग्नमंडपांत 'सावधान' हा शब्द ऐकून समर्थ खरोखरच सावध झाले, ही आख्यायिका प्रत्येक मराठी घरांत सांगितली जाते, आणि ती ऐकत वाढलेल्या मनास सावधपणा हा केवळ इच्छेचा प्रश्न वाटतो. मनांत आणलें तर मनुष्य सावध राहील; राहिला नाहीं, म्हणजे त्यानें मनांत आणलें नाहीं. परंतु समर्थांना तो शब्द एकदां ऐकून एकदां सावध व्हावयाचें होतें. हातानें पत्रा घालावयाच्या प्रेसवर मिनिटास दहा ठोके धरले, तर आठ तासांत ते चार हजार आठशें होतात. चार हजार आठशें वेळां हात आंत घालावयाचा आणि तितक्याच वेळां तो वेळेवर बाहेर काढावयाचा. यांतील चार हजार सातशें नव्व्याण्णव वेळां जो सावध राहिला आणि एकदां राहिला नाहीं, त्यास आपण निष्काळजी म्हणतों. जप करणाऱ्याचेंहि चित्त माळेच्या एका फेऱ्यांत कितीदां भटकतें, हें ज्यानें जप केला असेल त्यास विचारावें.

म्हणून तात्यांच्या वाक्याचा विचार करण्यापूर्वीं तो किरणांचा पडदा कोणत्या हिशेबानें लावतात हें समजून घेणें इष्ट आहे. कारण त्या हिशेबांत मनुष्यस्वभावाविषयीं एक निश्चित मत दडलेलें आहे. पडदा यंत्रापासून किती दूर असावा हें कोणाच्या मर्जीवर सोडलेलें नाहीं. त्याचें गणित आहे, आणि २०१० सालच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकांत तें नमूद केलें आहे. यंत्राच्या दिशेनें झेपावणाऱ्या हाताचा वेग सेकंदास दोन मीटर धरावयाचा. चालत येणाऱ्या मनुष्याचा वेग सेकंदास १.६ मीटर धरावयाचा. किरण तुटल्याचें यंत्रास कळण्यास लागणारा वेळ आणि तें पुरतें थांबण्यास लागणारा वेळ यांची बेरीज करावयाची, आणि तिला त्या वेगानें गुणावयाचें. ही बेरीज एकपंचमांश सेकंद भरली, तर तेवढ्या अवधींत हात चाळीस सेंटिमीटर पुढें जातो; म्हणून पडदा निदान चाळीस सेंटिमीटर अलीकडे हवा. किरण विरळ असले तर ते तुटण्यापूर्वीं बोटें जितकीं आंत जाऊं शकतील, तितकें अंतर आणखी मिळवावयाचें. पडद्यावरून, खालून किंवा बाजूनें हात घालतां येत असेल, तर ती वाटहि बंद करावयाची.

हें गणित प्रथम समजलें तेव्हां मला त्यांत एका गोष्टीचें नवल वाटलें. त्यांत मनुष्याच्या गुणांस जागाच नाहीं. हात घालणारा नवशिका आहे कीं वीस वर्षांचा अनुभवी, शहाणा आहे कीं उतावळा, रात्रीची झोंप पुरी झालेला आहे कीं घरच्या आजारपणानें जागलेला, हें तें विचारीत नाहीं. तो हात कां घातला गेला, हेंहि विचारीत नाहीं. हात येईल, आणि घाईनें येईल, एवढें तें गृहीत धरतें; आणि तो येण्यापूर्वीं यंत्र थांबलें पाहिजे, एवढाच त्याचा आग्रह आहे. चुकीची चौकशी करीत न बसतां तिची वाट आधींच पाहून ठेवणारें हें शास्त्र, आपल्या पुष्कळशा नीतिग्रंथांहून मनुष्यास अधिक ओळखतें असें म्हणावेंसें वाटतें.

मोठ्या यंत्रमानवांच्या भोंवतीं हीच व्यवस्था अधिक विस्तारानें केलेली असते. जमिनीपासून थोड्याच उंचीवर बसविलेला एक डोळा आपला किरण पंख्यासारखा सतत फिरवीत असतो, आणि तो किरण परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून कोण किती दूर आहे तें जाणतो. त्याच्या दृष्टीचे दोन प्रांत आंखून दिलेले असतात. बाहेरच्या प्रांतांत कोणी शिरला, तर नुसती सूचना मिळते. दिवा लागतो, किंवा यंत्र आपली गति मंद करतें. आंतल्या प्रांतांत शिरला, तर तें थांबतें. पूर्वीं या कामासाठीं नुसतें कुंपण असे. १९८१ सालीं जपानमध्यें आकाशी येथील एका कारखान्यांत एका कामगाराचा यंत्रमानवाच्या हाताखालीं सांपडून अंत झाला. कुंपणाचें दार उघडलें असतें तर वीज आपोआप तुटली असती. पण तो दारानें न जातां कुंपण ओलांडून आंत गेला, असें वृत्तांत सांगतात. मनुष्य दारानेंच येईल असें त्या कुंपणानें मानलें होतें. नवा डोळा तसें मानीत नाहीं.

या व्यवस्थेचे आणखी दोन नियम सांगण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, साधनच बिघडलें, तार तुटली, किरण क्षीण झाला, तर यंत्रानें चालूं राहावयाचें नाहीं, थांबावयाचें. शंकेचा फायदा यंत्रास नव्हे, मनुष्यास. दुसरा नियम तात्यांच्या काठीनें मला दाखविलाच होता. थांबणें आपोआप असावें, पण पुन्हां चालू होणें आपोआप नसावें. मनुष्य त्या प्रांताच्या आंत, डोळ्याच्या आड उभा असूं शकतो. म्हणून सारा प्रांत जेथून दिसतो अशा बाहेरच्या जागीं उभें राहून, आंत कोणी नाहीं हें पाहून, कोणीतरी बटण दाबलें पाहिजे. थांबविण्यास कोणाचीहि साक्ष लागत नाहीं. चालविण्यास मात्र एका पाहणाऱ्या मनुष्याची साक्ष लागते. राज्यें आणि कुटुंबें चालविणाऱ्यांनींहि हा भेद लक्षांत ठेवावा, इतका तो मोलाचा आहे.

रेषा म्हटली कीं आपणांस लक्ष्मणाची रेषा आठवते. वाल्मीकींच्या रामायणांत ती नाहीं. मागाहूनच्या कथाकारांनीं ती काढली, आणि ती लोकांच्या मनांत इतकी ठसली कीं, उठल्याबसल्या आपण तिचा दाखला देतों. कोणास देतों? बहुधा दुबळ्यास. मुलीनें, सुनेनें, नोकरानें आपली रेषा ओलांडूं नये. ओलांडली तर पुढें जें होईल त्याचा दोष ओलांडणाऱ्याच्या माथीं. रावणानें कपट केलें हें बाजूस राहतें. सीतेनें पाऊल बाहेर टाकलें, एवढेंच लक्षांत राहतें. कारखान्यांतली जुनी पिवळी रेषा याच जातीची होती. 'या रेषेच्या आंत येऊं नये' अशी पाटी लावली कीं लावणारा मोकळा झाला. पुढचें सारें येणाऱ्याच्या नशिबीं. नवी रेषा दिसत नाहीं, पण ती अगदीं निराळ्या धर्माची आहे. ती ओलांडणाऱ्यास शासन करीत नाहीं. ज्याच्या अंगीं बळ आहे त्यास जागच्या जागीं खिळवून ठेवते. दुबळ्यास बांधणारी रेषा आणि बलवानास बांधणारी रेषा यांतील हें अंतर केवळ यंत्रविद्येचें नाहीं. तें नीतीचें आहे, आणि तें कापण्यास मनुष्यास फार काळ लागला.

किती काळ लागला हें इंग्लंडच्या इतिहासावरून दिसतें. गिरण्यांतील फिरत्या दांड्यांस आडोसा घालण्याची सक्ती तेथें १८४४ च्या कायद्यानें झाली. मालकांचें म्हणणें असें कीं, सात फुटांहून उंच असलेल्या दांड्यांस आडोशाची गरज नाहीं; तेथें कोणाचा हात पोंचतो? पण हात पोंचला नाहीं तरी पट्टा पोंचत होता. पट्ट्यांत अडकलेलें वस्त्र मनुष्यास वर ओढून नेत होतें आणि दांड्याभोंवतीं गरगर फिरवीत होतें. १८५४ सालीं डिकन्सच्या साप्ताहिकानें या मृत्यूंस वाचा फोडली. मालकांनीं १८५५ सालीं आपली संघटना उभारली, आणि त्यांच्या बाजूनें हॅरिएट मार्टिनो या विदुषीनें लेखणी उचलली. ती कांहीं निर्दय बाई नव्हती. गुलामगिरीविरुद्ध तिनें केलेलें लेखन प्रसिद्ध आहे. परंतु कायद्याची ढवळाढवळ तिला नको होती, आणि अपघात बहुतेक कामगारांच्या हयगयीनेंच होतात असें तिला प्रामाणिकपणें वाटत होतें. शेवटीं १८५६ च्या कायद्यानें मालकांस पुष्कळशी सूट मिळाली. सात फुटांचा तो वाद म्हणजे दुसरें काय होतें? यंत्राची सत्ता कोठपर्यंत आणि मनुष्याचा जीव कोठपासून, या सीमेचाच तो वाद होता.

आपल्याकडे १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें यंत्राच्या धोक्याच्या भागांस भक्कम आडोसा घालण्याचा आणि यंत्र चालू असेतोंवर तो जाग्यावर ठेवण्याचा भार मालकावर टाकला. त्याच्या आधींचा १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा अधिक विचार करावयास लावतो. कामगारानें संरक्षक साधन जाणूनबुजून काढून टाकलें किंवा त्याची अवहेलना केली, आणि त्यामुळें त्यास इजा झाली, तर मालकानें भरपाई देण्याचें कारण नाहीं, असें त्यांत होतें. मात्र त्या इजेनें मृत्यु आल्यास हा बचाव चालत नसे. हात गेला तर चूक त्याची. प्राण गेला तर चुकीची गोष्ट काढावयाची नाहीं. कायदा करणाऱ्यांचें मन दोहों बाजूंस कसें ओढलें जात होतें, याचें हें बोलकें चिन्ह आहे.

आतां या नव्या रेषेवर दोन आक्षेप येतात. पहिला आक्षेप मार्टिनोबाईंचाच आहे: अशानें माणसें बेफिकीर होतील. कांहीं होतीलहि; तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु क्षणभराच्या अनवधानास हात तोडण्याची शिक्षा आज कोणताहि न्यायाधीश देणार नाहीं. मग तीच शिक्षा यंत्राच्या हातून झाली, म्हणजे ती न्याय्य कशी ठरते? सावधपणा हवाच, पण त्याची किंमत बोटांनीं वसूल करण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. मनुष्याची चूक यंत्रानें आधींच झेलली, तर मनुष्याची जबाबदारी उरली कोठें? त्यास लहान मुलासारखें वागविणें हा त्याचा अपमान नव्हे काय? या आक्षेपाचें उत्तर मला माझ्या स्नेह्यांच्या एका कबुलीजबाबांत मिळालें. चहा घेतां घेतां ते म्हणाले, "तुम्हांला खरें सांगूं? मागल्या वर्षीं हा पडदा आमच्या पोरांनीं महिनाभर बंद करून ठेवला होता." कारण काय, तर पडदा हिशेब न करतां फार अलीकडे बसविला होता, माल नेणारा मुलगा शेजारून गेला तरी किरण तुटे आणि यंत्र थांबे. दिवसाचे नग कमी भरत, आणि मजुरी तर नगावर. "मग तुम्हांस तें कळलें केव्हां?" मीं विचारलें. स्नेही थोडा वेळ गप्प राहिले. "पहिल्याच आठवड्यांत कळलें. माल वेळेवर जात होता. मीं डोळेझांक केली." पुढें त्यांनीं जाणता मनुष्य बोलावून यंत्र थांबण्याचा वेळ मोजविला, पडदा हिशेबानें योग्य जागीं आणला, माल नेण्याची वाट दुसरीकडून काढली, तेव्हांपासून तो कोणी बंद केलेला नाहीं.

हें एकट्या भोसरीचें दुखणें नाहीं. जर्मनींतील अपघातविम्याच्या संस्थांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, धातुकामाच्या यंत्रांवरील संरक्षक साधनांपैकीं तृतीयांशाहून अधिक साधनें कायमचीं किंवा तात्पुरतीं निकामी केलीं जातात, असा अंदाज दिला होता. शिस्तीसाठीं नांवाजलेल्या देशाची ही गोष्ट. रेषा फार जवळ असली तर ती हात वांचवीत नाहीं. उगीच फार दूर असली तर ती काम करूं देत नाहीं, आणि मग तिला फसविण्यांत सारे एकमेकांस सामील होतात. जो नियम पाळून पोट भरत नाहीं तो नियम मोडणाऱ्यास 'जाणूनबुजून मोडला' असें म्हणणें सोपें आहे. पण त्या जाणण्यांत आणि बुजण्यांत नगाचा दर ठरविणाऱ्याचा वांटा किती, हेंहि पाहावयास नको काय?

म्हणून जबाबदारी नाहींशी होते हें खरें नाहीं. ती जागा बदलते. प्रेसपुढें उभ्या असलेल्या मनुष्याजवळ विचार करावयास सहा सेकंद असतात, आणि त्यांत पत्रा उचलून घालून पुन्हां काढावयाचा असतो. अंतर मोजणारा, दर ठरविणारा, यंत्र विकत घेणारा यांच्याजवळ दिवस आणि महिने असतात. विचार करावयास ज्यास अवकाश आहे, त्याच्यावर विचार करण्याचें ओझें अधिक, हा न्याय आहे. आणि हें ओझें एकदां उचलून संपत नाहीं. यंत्राचा ब्रेक झिजतो. गेल्या वर्षीं जें यंत्र एकपंचमांश सेकंदांत थांबत होतें तें यंदां तितक्यांत थांबेलच असें नाहीं, आणि मग कालची सुरक्षित रेषा आज नुसती शोभेची होते. ती पुन्हां पुन्हां मोजावी लागते. दुसऱ्याच्या जीवाची हमी घेणाऱ्यास स्वतःच्या पूर्वीच्या चांगुलपणावर निजतां येत नाहीं.

निघण्यापूर्वीं तात्यांनीं मला कारखान्याच्या कोपऱ्यांत ताडपत्रीखालीं झांकलेलें जुनें यंत्र दाखविलें. त्यांचीं बोटें घेणारें तेंच. त्याच्या क्लचची रचना अशी कीं, पायडलवर पाय पडून तो एकदां गुंतला म्हणजे फेरा पुरा झाल्यावांचून सुटत नसे. अशा यंत्रापुढें किरणांचा पडदा लावून उपयोग नाहीं. धोका दिसला तरी जें मध्यें थांबूंच शकत नाहीं, त्यास डोळे देऊन काय होणार? परंतु जाळीचा आडोसा, चिमट्यानें माल घालण्याची सोय, दोन हातांनीं दोन बटणें दाबल्याखेरीज न चालण्याची योजना, हीं साधनें अठ्ठावीस वर्षांपूर्वींहि जगास ठाऊक होतीं. तीं महाग होतीं असेंहि नाहीं. तीं त्या यंत्रावर नव्हतीं, एवढेंच.

तात्यांस हें सारें सांगावें असें मला त्या वेळीं सुचलें नाहीं. सुचलें असतें तरी धीर झाला असता कीं नाहीं, कोण जाणे. 'चूक माझीच' या वाक्यांत त्यांना एक प्रकारचा मोठेपणा वाटत असावा, आणि तो मोठेपणा खरा आहे. मनुष्यानें स्वतःची चूक स्वतःकडे घ्यावी, हेंच शोभतें. परंतु त्यानें ती घेतली म्हणून इतरांनीं ती त्याच्याजवळ ठेवून निघून जावें, हें शोभत नाहीं. तात्यांचें लक्ष दुसरीकडे गेलें, हें खरें. मनुष्याचें लक्ष दुसरीकडे जातेंच. तें जाईल हें ज्यांनीं आधीं ओळखावयास हवें होतें, त्यांचें लक्ष त्या वेळीं कोठें होतें, हा प्रश्न अठ्ठावीस वर्षांत कोणींच विचारला नाहीं.